बाटली, कॅन आणि निकोला आपेर

कल्याणहून भिवंडीला जाताना दुर्गाडी किल्ल्याजवळच्या पुलावरून खाडी ओलांडली की कोन गाव लागते. तिथून पुढे भिवंडी तालुक्यात जिकडे जावे तिकडे गोदामे. मुंबई-ठाण्याच्या दुकानांत विकला जाणारा कितीतरी माल आधी या तालुक्यात पत्र्याच्या छपराखाली मुक्काम करतो. त्यात पेयेही असतात. काचेच्या बाटलीतली, प्लॅस्टिकच्या बाटलीतली, पुठ्ठ्याच्या खोक्यातली आणि ॲल्युमिनियमच्या कॅनमधली. मे महिन्यात पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा त्या छपराखाली या पेयांचे काय होत असेल, हा विचार गार कॅन हातात घेताना आपल्या मनात येत नाही.

मनात येतो तो वेगळाच प्रश्न. बाटली चांगली की कॅन? बाटलीतले ते अस्सल आणि कॅनमधले ते हलके, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. कॅनला धातूची चव येते, पत्रा पेयात उतरतो, असेही म्हटले जाते. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ ही देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक सुरू झाली आणि छोट्या प्रमाणावर, निगुतीने बनवलेली क्राफ्ट बिअर महाराष्ट्राच्या ओळखीची झाली. ती नळातून थेट ग्लासात पडते तोवर कोणाची तक्रार नसते. तीच कॅनमध्ये भरून समोर आली की शौकीन नाक मुरडतात.

हा वाद दोनशे वर्षांहून जुना आहे. बाटलीपासून सुरुवात करून पत्र्याच्या डब्यापर्यंत स्वतः पोहोचलेल्या एका माणसाच्या आयुष्यात त्याचे बरेचसे उत्तर सापडते. त्याचे नाव निकोला आपेर. हवाबंद डब्यांचा जनक म्हणून जग त्याला ओळखते.

खानावळीतला मुलगा

आपेरचा जन्म १७ नोव्हेंबर १७४९ रोजी फ्रान्समधल्या शालों-सुर-मार्न या गावी झाला. हा शॅम्पेन प्रांत. फसफसणाऱ्या वाइनसाठी जगभर प्रसिद्ध असलेला. वडील प्रवाशांसाठी खानावळ आणि उतारघर चालवत. घरात मुले पुष्कळ, आणि प्रत्येकाला कामाला जुंपलेले. बिअर गाळणे, तळघरातली पिंपे सांभाळणे, भाज्या आणि मांस खारवून ठेवणे हे सगळे निकोला वडिलांच्या हाताखाली शिकला. विज्ञानाचे रीतसर शिक्षण त्याला कधीच मिळाले नाही. पेय केव्हा आंबते, केव्हा नासते आणि बाटलीचे बूच केव्हा उडते, हे मात्र त्याला पुस्तकाशिवाय कळत होते.

तरुणपणी तो एका जर्मन संस्थानिकाच्या मुदपाकखान्यात नोकरीला राहिला. पुढे, १७८०च्या दशकात, पॅरिसला येऊन त्याने मिठाईचे दुकान थाटले. फळे पाकात मुरवून टिकवणे हा त्याचा रोजचा धंदा झाला. या धंद्यातच एक गोष्ट त्याला खटकू लागली. अन्न टिकवण्याचे जेवढे मार्ग माणसाला माहीत होते, ते सगळे अन्नाची चव बदलून टाकणारे होते. आपल्याकडचेच पाहा. कैरीचे लोणचे वर्षभर टिकते, पण ती कैरी राहत नाही. मुरंब्यात आवळ्यापेक्षा साखर अधिक बोलते. कोनसारख्या खाडीकाठच्या गावांत पावसाळ्यासाठी सुकट-बोंबील भरून ठेवतात, पण सुकटीला ताज्या कोळंबीची चव कोणी मागत नाही. मीठ, साखर, आंबट, धूर किंवा ऊन यांपैकी काहीही न वापरता हिरवा मटार हिरव्या मटारासारखाच टिकवता येईल का, हा आपेरचा प्रश्न होता.

मधेच फ्रान्समध्ये क्रांती झाली. आपेर सुरुवातीला तिच्या बाजूने उत्साहाने उतरला. पण क्रांतीने स्वतःच्याच माणसांवर संशय घ्यायला सुरुवात केली, तेव्हा १७९४ मध्ये त्यालाही काही महिने तुरुंगात काढावे लागले. त्या वर्षी पॅरिसच्या तुरुंगातून अनेकजण थेट गिलोटिनकडे गेले. आपेर वाचला. सुटल्यावर तो पॅरिसबाहेर गेला आणि आपल्या बाटल्यांच्या मागे लागला.

आरमाराची भूक

कोनच्या पैलतीरावर, दुर्गाडीच्या पायथ्याशी, शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी सुरू केली, हे ठाणे जिल्ह्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जहाज बांधणे अवघड असते, आणि त्या जहाजावरच्या माणसांना महिनोन्महिने जेवू घालणे हे त्याहून अवघड. युरोपच्या आरमारांपुढे हाच प्रश्न होता. खारवलेले मांस आणि दगडासारखी बिस्किटे खाऊन खलाशांच्या हिरड्या सडत, जखमा भरत नसत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. क जीवनसत्त्वाच्या अभावाने तो होतो हे सिद्ध व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. पण ताजी भाजी आणि फळे मिळाली की खलाशी बरे होतात, एवढे दर्यावर्दींना अनुभवाने माहीत होते.

आपेरने पॅरिसजवळच्या मासी या गावी जमीन घेऊन कारखाना काढला. मटार आणि घेवडा तिथेच पिकवायचा आणि तोडल्या दिवशीच बाटलीत भरायचा, अशी त्याची शिस्त होती. त्याची पद्धत सांगायला सोपी आहे. पदार्थ काचेच्या बाटलीत भरायचा. बूच घट्ट ठोकून वर तार आवळायची. मग बाटली पाण्याच्या हंड्यात ठेवून ते पाणी ठरावीक वेळ उकळायचे. आधी बंद करायचे आणि मग तापवायचे, हा क्रम महत्त्वाचा. तोवर लोक आधी शिजवत आणि नंतर झाकण लावत.

करायला मात्र ही पद्धत सोपी नव्हती. साधी बाटली उकळत्या पाण्यात तडकायची. शॅम्पेनच्या मुलखात वाढलेल्या आपेरला आतला दाब सहन करणारी जाड काच ठाऊक होती. त्याने तशाच, पण रुंद तोंडाच्या बाटल्या बनवून घेतल्या. एका तुकड्याचे बूच हवा पूर्ण अडवत नाही, हे लक्षात आल्यावर त्याने बुचाचे थर आडवे चिकटवून जाड बुचे तयार केली. त्यावर चुना आणि चीज यांचा लेप दिला. हंड्यात बाटली फुटलीच तर शेजारच्या बाटल्या वाचाव्यात म्हणून प्रत्येक बाटलीला जाड कापडाची पिशवी घातली. कोणत्या पदार्थाला किती वेळ उकळायचे, हे त्याने वर्षानुवर्षे करून पाहत ठरवले. फ्रेंच आरमाराने त्याच्या बाटल्या ब्रेस्ट बंदरात ठेवून तपासल्या. तीन महिन्यांनी उघडलेल्या भाज्यांना ताजेपणा होता.

पेयेही त्याने सोडली नाहीत. दूध टिकवले, फळांचे रस टिकवले. वाइनच्या बाटल्या हलक्या तापवून त्या जहाजाने दूरच्या प्रवासाला धाडल्या आणि परत आल्यावर न तापवलेल्या बाटल्यांशी ताडून पाहिल्या.

पेटंट की पुस्तक?

१८१० मध्ये फ्रेंच सरकारने आपेरपुढे दोन पर्याय ठेवले. एक, आपल्या पद्धतीचे पेटंट घ्यावे आणि तिच्यावर कमवावे. दोन, १२,००० फ्रँक बक्षीस घ्यावे, पण त्या बदल्यात सगळी पद्धत पुस्तकरूपाने छापून जगासमोर ठेवावी. आपेर तेव्हा साठीत होता आणि त्याचा बराचसा पैसा प्रयोगांत गेलेला होता. तरी त्याने पुस्तक निवडले. कोणता पदार्थ, कोणती बाटली, किती वेळ, सगळे त्यात सांगून टाकले. पुढच्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले.

त्याच १८१० साली लंडनमध्ये पीटर ड्युरँड या व्यापाऱ्याने अन्न टिकवण्याचे इंग्लंडमधले पेटंट मिळवले. पद्धत हीच होती, फक्त त्यात काचेबरोबर पत्र्याच्या डब्याचाही उल्लेख होता. लोखंडाच्या पातळ पत्र्यावर कथिलाचा थर. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात तीच कल्पना. अन्नाचा आणि मूळ धातूचा संबंध येऊ नये म्हणून मधे कथिल. हे पेटंट ब्रायन डॉन्किन या अभियंत्याने आणि त्याच्या भागीदारांनी विकत घेऊन लंडनमध्ये कारखाना उभारला आणि ब्रिटिश आरमाराला डबे पुरवायला सुरुवात केली. डबा फुटत नव्हता, एकावर एक रचता येत होता आणि त्यातून उजेड आत जात नव्हता. अडचण एकच होती. तो उघडायला छिन्नी-हातोडा लागे. डबा उघडण्याचे हत्यार त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी आले.

इकडे आपेरच्या नशिबी नुकसान आले. नेपोलियनचा पाडाव झाला, १८१४-१५ मध्ये परकी फौजा पॅरिसच्या आसपास शिरल्या आणि मासीचा कारखाना धुळीला मिळाला. पासष्टीच्या माणसाने पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्याने बाटलीचा हट्ट धरला नाही. पत्र्याचे मोठमोठे डबे तो स्वतःच्या कार्यशाळेत बनवू लागला. ज्याने बाटलीतून ही कला जन्माला घातली, त्याला बाटलीची भक्ती नव्हती. आत हवा शिरू न देणारे आणि उष्णता सोसणारे भांडे त्याला हवे होते. काचेचे असो वा पत्र्याचे.

१८२२ मध्ये फ्रान्समधल्या उद्योगविषयक संस्थेने त्याला मानवजातीचा उपकारकर्ता हा किताब दिला. किताबाने पोट भरत नाही. ऐंशी ओलांडल्यावर त्याने धंदा विकला आणि तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर मासीला राहिला. १ जून १८४१ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याला सार्वजनिक कबरीत पुरण्यात आले. स्वतंत्र थडग्याइतकाही पैसा मागे नव्हता.

जे त्याला कळले नव्हते

आपली पद्धत चालते हे आपेरला ठाऊक होते. का चालते, हे मात्र नव्हते. गे-ल्युसॅक या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने त्याच्या बाटल्या तपासल्या. आत प्राणवायू उरलेला नाही, म्हणून अन्न नासत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अपुरा होता. १८६०च्या दशकात लुई पाश्चरने दाखवले की नासवतात ते सूक्ष्मजीव, आणि उष्णतेने मरतात तेही सूक्ष्मजीवच. पाश्चरने १८६६ मध्ये वाइनवर आणि १८७६ मध्ये बिअरवर ग्रंथ लिहिला. वाइन तापवण्याचे प्रयोग आपेरने आधीच केले होते, हे त्याने मोकळेपणाने नोंदवले. आज आपण ज्याला पाश्चरीकरण म्हणतो त्याची पहिली पाने एका मिठाईवाल्याने लिहिली होती.

एक धोका दोघांच्याही काळात उलगडला नव्हता. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेला कारण ठरणाऱ्या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. म्हणून भाजी, मांस, मासे अशा कमी आंबट पदार्थांचे डबे कारखान्यात दाबाखाली, सुमारे १२१ अंश सेल्सिअसला तापवतात. घरी नुसते उकळून अशा भाज्या हवाबंद बरणीत भरून ठेवू नयेत, ते यासाठीच. बिअरची गोष्ट वेगळी आहे. ती आंबट असते, तिच्यात अल्कोहोल, हॉप्सचा कडवटपणा आणि कार्बन डायऑक्साइड असतो. रोग निर्माण करणारे जंतू त्यात सहसा वाढू शकत नाहीत. तिचे बिघडणे हे बहुतेक वेळा चवीचे बिघडणे असते, आणि सुमारे ६० अंशांची थोडा वेळ दिलेली उष्णता तिला पुरते.

मग बाटली की कॅन?

बिअर कॅनमध्ये यायला १९३५ साल उजाडले. अमेरिकेतल्या एका ब्रुअरीने ती पहिल्यांदा अशी विकायला काढली. उशीर होण्याची कारणे दोन. आतला वायूचा दाब साध्या डब्याला सोसवत नव्हता, आणि बिअर धातूला झोंबून चव बिघडवत होती. उपाय पुन्हा कल्हईचाच होता. डब्याला आतून पातळ लेप द्यायचा. पुढे पोलादाच्या जागी ॲल्युमिनियम आले. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्कर ब्लूज या छोट्या ब्रुअरीने आपली क्राफ्ट बिअर कॅनमध्ये भरली आणि हळूहळू इतरांनी तो मार्ग धरला. आज महाराष्ट्रातही, तळोज्याला आणि छत्रपती संभाजीनगरला, पेयांचे कॅन बनवणारे कारखाने आहेत.

आपेरच्या कसोट्या लावून पाहू. पहिली हवा. कॅनची दुमडलेली शिवण हवा जवळजवळ शिरूच देत नाही, तर बाटलीच्या बुचाखालून कालांतराने अगदी थोडा प्राणवायू आत जातो. अट एवढीच की भरतानाच हवा आत राहिलेली नसावी, कारण कॅनचे तोंड रुंद असते. दुसरी उजेड. प्रकाशाने हॉप्समधल्या घटकांचे विघटन होऊन बिअरला उग्र वास येतो. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फारच कमी, पारदर्शक जवळजवळ नाही. कॅन तो पूर्ण अडवतो. या दोन्ही बाबतींत कॅन सरस आहे. वजनाचेही तसेच. ३३० मिलिलीटरचा रिकामा कॅन साधारण १३ ग्रॅमचा, तेवढीच काचेची बाटली सुमारे २०० ग्रॅमची. गोदामातून निघालेल्या टेम्पोने काच वाहायची की पेय, असा हा हिशेब आहे.

धातूच्या चवीचे म्हणाल, तर जुन्या डब्यांचे सांधे शिशाने जोडलेले असत आणि तो धोका खरा होता. आजच्या पेयाच्या कॅनला तसा सांधाच नसतो. धातूची जी चव लागते ती बहुधा ओठ कॅनला टेकल्यामुळे. ग्लासात ओतले की ती जाते. आतल्या लेपाबद्दलची शंका मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. अनेक लेपांमध्ये वापरल्या जाणाऱ्या बिस्फेनॉल-ए या रसायनाबाबत युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये सुरक्षित मर्यादा फार खाली आणली, आणि पुढच्या वर्षी युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वेष्टनांत त्यावर बंदीचा निर्णय घेतला. त्याशिवायचे लेप उपलब्ध आहेत. उत्पादकाने कोणता लेप वापरला हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

काचही हरलेली नाही. भंगारवाल्याकडून परत जाऊन, धुऊन पुन्हा भरली जाणारी बाटली पर्यावरणाला परवडते. कॅन पुन्हा भरता येत नाही, पण वितळवून नवा करताना खनिजापासून धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. प्लॅस्टिकच्या बाटलीतून वायू हळूहळू निसटतो. पुठ्ठ्याचे खोके दूध, ताक, रसाला उत्तम, पण फसफसणाऱ्या पेयाचा दाब त्याला पेलत नाही. शिवाय त्यातले कागद, प्लॅस्टिक आणि धातूचे थर वेगळे करणे जिकिरीचे असते.

आणि आता पुन्हा कोनला येऊ. बिअरच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब सांगतात. ३२ अंशांवर तीन दिवसांत बिअरच्या चवीचे जेवढे नुकसान होते, तेवढे २२ अंशांवर तीस दिवसांत आणि ३ अंशांवर तीनशे दिवसांत होते. कॅन हवा अडवतो, उजेड अडवतो, पण छपरावरचे ऊन अडवत नाही. धातू तर काचेहून लवकर तापतो. बरीच क्राफ्ट बिअर पाश्चरीकरण न करता भरतात, म्हणून तिला कारखान्यापासून ग्लासापर्यंत थंडावा लागतो. आपेरने उष्णता वापरली ती मिनिटे मोजून, एकदाच. पत्र्याखालची उष्णता कोणी मोजत नाही आणि ती आठवडेच्या आठवडे चालते.

तेव्हा दुकानात गेल्यावर बाटली की कॅन यापेक्षा भरल्याची तारीख पाहा आणि माल फ्रिजमधून मिळतो की उन्हातल्या खोक्यातून, ते पाहा. फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर चेपलेला कॅन घेऊ नका. कॅनचा वरचा भाग पुसून किंवा धुऊनच उघडा. तापलेल्या गाडीत तो सोडू नका आणि डीप फ्रीझरमध्ये विसरू नका. हे नियम मुलांच्या शीतपेयालाही लागू आहेत. आणि एक गोष्ट कोणतेही वेष्टन बदलू शकत नाही. मद्य किती प्यायले तर निर्धोक, अशी कोणतीही मर्यादा सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, ही झाली कायद्याची बाजू.

कॅनची कडी ओढली की फस्स आवाज येतो. आत इतके दिवस बाहेरची हवा शिरली नव्हती, याची ती खूण. हे घडवून आणण्याची युक्ती एका खानावळवाल्याच्या मुलाने जगाला पुस्तकात छापून दिली आणि स्वतः रिकाम्या हाताने गेला. त्याच्या त्या मेहनतीची माती शेवटच्या टप्प्यात, एखाद्या तापलेल्या गोदामात होऊ नये, एवढी काळजी तरी आपण घ्यायला हवी.